मूल एका राज्यात, दावा दुसऱ्या राज्यात

कोल्हापूर ते बेळगाव हे अंतर साधारण ११० किलोमीटर. सकाळच्या एसटीनं निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. पण नवरा कोल्हापुरात, बायको माहेरी बेळगावात आणि दोघांना सहा वर्षांची मुलगी असेल, तर तिच्या ताब्याचा खटला एका गावातून दुसऱ्या गावी हलवायला थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं. गडचिरोली आणि मुंबई यांच्यात याच्या कितीतरी पट अंतर, तरी तेच काम मुंबई उच्च न्यायालयात होतं. राज्याची सीमा मध्ये आली की खर्चाचा हिशेब बदलतो, वकिलांची संख्या बदलते आणि सगळ्यात जास्त फरक पडतो तो वेळेत.

या वादांत वेळ फार मोलाची असते. आईवडील ‘हक्क कोणाचा’ या प्रश्नात अडकलेले असतात. न्यायालय मात्र आधी विचारतं की मूल राहतं कुठं. निकाल लागेपर्यंत मूल ज्या गावी, ज्या शाळेत रुळतं, तिथून त्याला हलवायला न्यायाधीश सहजी तयार होत नाहीत. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असाच एक वाद आला होता. आई हरियाणात पानिपतला नोकरी करत होती, वडील आणि मुलगा अलाहाबादला होते. आई नालायक आहे असं न्यायालयानं म्हटलं नाही. पण मुलगा जिथं वाढला तिथून त्याला उचललं तर त्याच्या शिक्षणावर आणि मनावर ताण येईल, असं म्हणून ताबा वडिलांकडेच ठेवला आणि आईला भेटीचे हक्क दिले. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत काय करायचं, याबद्दल मी इथं जास्त लिहिणार आहे. उशिरा लावलेला चांगला अर्जही पुष्कळदा लंगडा ठरतो.

मूल नेहमी राहतं कुठं?

मुलाच्या ताब्यासाठीचा मूळ कायदा आहे १८९० चा पालक व पाल्य अधिनियम. तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू होतो. त्याच्या कलम ९ प्रमाणे अर्ज करायचा तो मूल जिथं ‘सर्वसाधारणपणे राहतं’ त्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात, आणि तिथं कौटुंबिक न्यायालय असेल तर त्या न्यायालयात. वडिलांचं गाव, लग्नाचं गाव, मुलाच्या जन्माचं गाव यांचा इथं संबंध नाही.

सुट्टीला मामाकडे गेलेलं मूल मामाच्या गावचं होत नाही. एका पालकानं दुसऱ्याला न सांगता मूल उचलून नेलं, तर तेवढ्यानं नवीन गाव हे त्याचं राहण्याचं ठिकाण ठरत नाही, अशीच न्यायालयांची साधारण भूमिका असते. पण ही भूमिका तुमच्या बाजूनं उभी राहते ती तुम्ही लगेच हालचाल केली तर. वर्षभर गप्प बसलात, दरम्यान मुलाचं नाव तिकडच्या शाळेत लागलं, लसी तिकडे टोचल्या, आधारवरचा पत्ता बदलला, तर ‘सर्वसाधारणपणे’ या शब्दाचा अर्थ तुमच्या विरुद्ध जाऊ लागतो.

शाळेचा दाखला आपल्या कपाटात आहे म्हणून निर्धास्त राहणारे पालक बरेच असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे की दाखला मिळायला उशीर झाला म्हणून मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. दाखला अडवून मूल थांबत नाही, उलट न्यायालयात तुमचाच हेतू वाईट दिसतो.

पहिल्याच आठवड्यात कागद गोळा करा. शाळेचं बोनाफाईड, फीच्या पावत्या, हजेरी, प्रगतिपुस्तक, लसीकरणाचं कार्ड, नेहमीच्या बालरोगतज्ज्ञाची फाइल, पाळणाघराच्या पावत्या, सोसायटीच्या नोंदी. मूल रोज कोणाबरोबर शाळेत जायचं, आजारपणात कोण रजा घ्यायचं, पालकसभेला कोण जायचं, हे दाखवणारा प्रत्येक कागद मोलाचा आहे. व्हॉट्सॲपवरचे संदेश पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून फोन बदलू नका आणि संदेश पुसू नका. बंगळूरुच्या शाळेचे कानडी कागद पुण्यात, किंवा पुण्याचे मराठी कागद अहमदाबादेत वापरायचे असतील तर भाषांतराला वेळ लागतो. ते काम पहिल्याच दिवशी कोणाला तरी देऊन टाका.

आणि एक शांत संदेश पाठवा. ‘मूल कुठं आहे, त्याची शाळा कधी सुरू आहे, मी त्याच्याशी रोज संध्याकाळी बोलू इच्छितो, परत कधी आणणार आहेस?’ एवढंच. रागातला एक ‘बघून घेईन’ पुढं वर्षभर तुमच्या विरुद्ध वाचून दाखवला जातो.

घर सोडून जाणाऱ्या आईसाठी

मारहाणीला कंटाळून लेकरू कडेवर घेऊन माहेर गाठणारी बाई मूल पळवत नसते. पण ती का निघाली याची नोंद नसली की समोरचा वकील तिला तसंच रंगवतो. म्हणून पोचल्या पोचल्या नोंद करा. जखम असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या, पोलिसांत तक्रार द्या. मदतीसाठी १८१ आणि ११२ हे क्रमांक आहेत.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा इथं फार उपयोगी पडतो. त्याच्या कलम २७ प्रमाणे पीडित स्त्री तात्पुरती जिथं राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो, आणि तिथला आदेश भारतभर अमलात आणता येतो. कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. वडिलांच्या भेटीनं मुलाला इजा होण्याची शक्यता असेल तर न्यायदंडाधिकारी भेट नाकारूही शकतात. मात्र हा ताबा तात्पुरता आहे, हे विसरू नका. कायमचा प्रश्न सुटतो तो कौटुंबिक न्यायालयातच.

मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे ताबा ‘सामान्यतः’ आईकडे असतो. २०१५ मध्ये गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एवढ्या लहान मुलासाठी आई अयोग्य आहे हे सिद्ध करण्याचा भार वडिलांवर आहे. पण पाच वर्षांनंतर मूल आपोआप वडिलांकडे जातं, ही समजूत चुकीची आहे. त्याच कायद्याचं कलम १३ मुलाचं हित सर्वांत वर ठेवतं, आणि ते सगळ्या वयांना लागू आहे. वडील हयात असताना आईला नैसर्गिक पालक मानायचंच नाही, हा जुना अर्थही गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ मध्ये बाजूला पडला आहे.

पोलीस ठाणं आणि उच्च न्यायालय

मूल नेलं गेलं की पहिली धाव पोलिसांकडे जाते. मूल आणि जोडीदार कुठं आहेत हेच कळत नसेल तर बेपत्ता असल्याची नोंद जरूर करा. पण ठिकाण माहीत असताना अपहरणाचा गुन्हा नोंदवा म्हणून हट्ट धरण्यात शक्ती घालवू नका. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं, न्यायालयाची मनाई नसताना स्वतःचं मूल नेणाऱ्या वडिलांवरचा असा गुन्हा रद्द केला. नैसर्गिक पालकानं मूल नेणं हे अपहरण ठरत नाही. ताब्याचा किंवा मनाईचा आदेश हातात असेल तर गोष्ट निराळी, आणि म्हणूनच तो आदेश आधी मिळवायचा असतो.

दुसरा मार्ग हेबियस कॉर्पसचा, म्हणजे उच्च न्यायालयानं मुलाला समोर हजर करायला सांगण्याचा. हा वेगवान आहे, पण सगळ्यांसाठी नाही. आई गेल्यावर मूल मावशी-मामांकडे राहिलं आणि वडिलांना ते हवं आहे, अशा एका महाराष्ट्रातल्याच प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा मार्ग मान्य केला, कारण ज्यांच्याकडे मूल होतं त्यांना कायद्यानं ताब्याचा हक्क नव्हता. पण २०२४ मध्ये, न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठानं तशाच स्वरूपाच्या प्रकरणात बजावलं की मुलाला जंगम मालमत्तेसारखं इकडून तिकडे देता येत नाही, त्याच्यावर काय परिणाम होईल हे आधी पाहावं लागतं. दोघेही आईवडील हयात असतील, मूल त्यांच्यापैकी एकाजवळ सुखरूप असेल आणि मध्ये बरेच महिने गेले असतील, तर उच्च न्यायालय बहुधा तुम्हाला कौटुंबिक न्यायालयाचा रस्ता दाखवेल. अर्ज करायचाच असेल तर मूल ज्या राज्यात ठेवलं आहे तिथल्या उच्च न्यायालयात करणं व्यवहाराच्या दृष्टीनं सोपं जातं.

दोन शहरं, दोन खटले

नवऱ्यानं पुण्यात पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज केला, बायकोनं इंदूरला घटस्फोटाचा दावा लावून त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मूल मागितलं. दोघांचंही कायद्यात बसतं, कारण २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नीला ती राहते तिथं विवाहाचा दावा लावता येतो. मग एकाच मुलाबद्दल दोन न्यायालयांत तारखा पडू लागतात.

यातून सुटायला पहिलं पाऊल साधं आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर समोरच्याच्या जिल्ह्यात आपल्या नावानं काही दाखल झालं आहे का, हे नावावरून शोधा. अजून नसेल पण शक्यता वाटत असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट टाकून ठेवा, म्हणजे तुम्हाला न ऐकता अंतरिम आदेश निघणार नाही. कॅव्हेट ९० दिवस टिकतं, ती तारीख लिहून ठेवा. समन्स आलं तर घेऊ नका असा सल्ला देणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. तो ऐकू नका. खटला एकतर्फी चालतो आणि मग तो उलटवायला दुप्पट वेळ लागतो.

खटले एकत्र आणायला बदलीचा अर्ज करावा लागतो. दोन राज्यांची उच्च न्यायालयं वेगळी असतील तर त्याच संहितेच्या कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयात, आणि तिथं ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड असलेल्या वकिलामार्फतच तो दाखल होतो. एकच उच्च न्यायालय असेल तर कलम २४. इथं आपल्याकडच्या लोकांच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. महाराष्ट्र आणि गोवा यांचं उच्च न्यायालय एकच आहे, मुंबईचं. सामाईक उच्च न्यायालय असलेल्या राज्यांमधली बदली तेच उच्च न्यायालय करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये गुवाहाटीच्या संदर्भात स्पष्ट केलं. तेव्हा सावंतवाडी आणि म्हापसा यांच्यातल्या वादासाठी दिल्ली गाठायची गरज नाही.

बदलीच्या अर्जात पत्नीच्या सोयीला बहुधा जास्त वजन मिळतं. तरीही अर्जात नुसतं ‘मी स्त्री आहे’ असं लिहून भागत नाही. पदरात मूल किती वर्षांचं, प्रवासात त्याला कोण सांभाळणार, उत्पन्न किती, एका तारखेला जाऊन यायला किती दिवस मोडतात, हे सगळं शपथपत्रावर मांडा. नवऱ्याच्या बाजूनंही आजारी आईवडील, मुलाची शाळा ही खरी कारणं असतील तर ती ऐकली जातात. बदली नाकारली तरी जाण्यायेण्याचा खर्च समोरच्यानं द्यावा असा आदेश मागता येतो, आणि व्हिडिओद्वारे हजेरीची परवानगी मूळ न्यायालयाकडे मागता येते.

पैशांअभावी कोणी मागं राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. सर्वोच्च न्यायालयातल्या बदली अर्जासाठीही तिथली विधी सेवा समिती आहे. ही सोय असूनही दागिने मोडून दिल्लीला फी पाठवणाऱ्या बायका आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

अंतरिम अर्ज हाच खरा अर्ज

मुख्य अर्जाचा निकाल लागायला वर्षं जातात. मुलाचं आयुष्य घडतं ते अंतरिम आदेशावर. म्हणून मुख्य अर्जाबरोबरच, त्याच दिवशी, पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम १२ खाली अंतरिम अर्ज द्या आणि त्यात मोघम ‘ताबा द्यावा’ असं लिहून थांबू नका. नेमक्या मागण्या लिहा. न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला राज्याबाहेर किंवा देशाबाहेर नेऊ नये. शाळा बदलू नये. दोन्ही पालकांना शाळेची आणि डॉक्टरची माहिती मिळावी. रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल व्हावा. समन्सची बजावणी दुसऱ्या राज्यात महिनोन्‌महिने रखडते, म्हणून हमदस्त (म्हणजे समन्स स्वतः नेऊन देण्याची), ई-मेल आणि व्हॉट्सॲपनं बजावणीची परवानगीही लगेच मागून घ्या.

व्हिडिओ कॉलची मागणी ही मेहेरबानी नाही. जानेवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं भेटीच्या हक्काबरोबर संपर्काच्या हक्काचाही उल्लेख केला. ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता आलं पाहिजे, आईवडील वेगवेगळ्या राज्यांत असतील तेव्हा तर हे विशेष गरजेचं, असं त्यात आहे. दर आठवड्याची भेट शक्य नसेल तर लांब सुट्ट्यांत मूल दुसऱ्या पालकाकडे राहावं, असंही आहे. हा निकाल वकिलांना अर्जात उद्धृत करायला सांगा.

भेटीचं वेळापत्रक नीट लिहा

बहुतेक तडजोडी मोडतात त्या इथं. ‘दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी’ असं लिहून दोघं सह्या करतात. मूल बंगळूरुच्या शाळेत असतं. कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रात दिवाळीला. कर्नाटकात उन्हाळी सुट्टी एप्रिल-मेची, महाराष्ट्रात मे-जूनची. पहिल्याच वर्षी भांडण उभं राहतं आणि दोघांनाही वाटतं की समोरच्यानं शब्द फिरवला. सणाचं नाव लिहू नका. ‘मुलाच्या शाळेच्या वेळापत्रकातली मधली सुट्टी, पहिल्या शनिवारी सकाळी १० पासून’ असं लिहा, आणि शाळेनं वेळापत्रक दिलं की किती दिवसांत ते दुसऱ्या पालकाला पाठवायचं तेही लिहा. सम वर्षी गणपती कोणाकडे, विषम वर्षी कोणाकडे, मुलाच्या वाढदिवसाला काय, हे वेगळं ठरवा.

मग प्रवास. तिकीट कोण काढणार, खर्च कोणाचा, गाडी चुकली तर काय? रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणून तारखा त्याच्या आधी नक्की झाल्या पाहिजेत. मुलाबरोबर कोण येणार त्याचं नाव लिहा. आजोबा चालतील का? नवीन जोडीदार? मुलाला सोपवायची जागा पोलीस ठाणं किंवा न्यायालयाचा व्हरांडा नसावी. कोल्हापूर-बेळगावचं मूल असेल तर निपाणीत ओळखीच्या कोणाचं घर चालेल. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना पाणी विचारू शकतील अशी जागा निवडा.

औषधं, चष्मा, शाळेचा अभ्यास, ॲलर्जी यांचा कागद मुलाच्या पिशवीत असावा. व्हिडिओ कॉल चालू असताना खोलीत दुसरं कोणी बसून खुणा करणार नाही, हेही लेखी घ्या. आणि पोटगी थकली म्हणून भेट बंद, भेट मिळाली नाही म्हणून पोटगी बंद, हे दोन्ही बाजूंनी कायमचं सोडून द्या. दोन्ही मुलाचे हक्क आहेत, आणि थकबाकीसाठी वेगळा अर्ज करता येतो.

हे सगळं मध्यस्थीत ठरवणं न्यायाधीशांसमोर भांडून मिळवण्यापेक्षा पुष्कळ बरं, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडच्या कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. दोन राज्यांतल्या जोडप्यानं ऑनलाइन बैठकीची विनंती करायला हरकत नाही. भारतात संयुक्त ताब्याचा स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही. विधी आयोगानं २०१५ मध्ये आपल्या २५७ व्या अहवालात तशी शिफारस केली होती. पण संमतीनं तुम्ही तशी व्यवस्था लिहून न्यायालयाकडून मंजूर करून घेऊ शकता. नोटरीकडे केलेला नुसता करारनामा दुसऱ्या राज्यात कोणी जुमानत नाही, म्हणून त्याला आदेशाचं रूप मिळालंच पाहिजे.

न्यायाधीश मुलाशी बोलतात तेव्हा

मूल समजण्याइतकं मोठं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी आपल्या दालनात बोलतात. त्यासाठी कायद्यात ठरावीक वय नाही. मूल काय म्हणतं ते विचारात घेतलं जातं, पण तेवढ्यावरच निकाल ठरत नाही. पढवलेलं मूल अनुभवी न्यायाधीश पहिल्या काही वाक्यांतच ओळखतात. आठ वर्षांच्या तोंडी ‘मानसिक छळ’ हा शब्द आला की तो कोणी शिकवला हे सांगावं लागत नाही. आदल्या रात्री मुलाला एवढंच सांगा की एक काका किंवा मावशी तुझ्याशी बोलणार आहेत, तुला वाटेल ते सांग, कोणी रागावणार नाही. आजी-आजोबांनाही हे बजावून ठेवा. मुलाला गाडीत बसवताना ‘आजीला विसरू नकोस हं’ म्हणून डोळ्यांत पाणी आणणारी माया त्या लेकराच्या डोक्यावर केवढं ओझं ठेवते, याची कल्पना मोठ्यांना नसते.

आदेश मिळाल्यावर

आदेशाच्या प्रमाणित प्रती जास्त काढा. एक शाळेला, एक तिकडच्या वकिलाला, एक स्वतःजवळ. समोरचा पालक दुसऱ्या राज्यात आदेश पाळत नसेल तर ज्या न्यायालयानं आदेश दिला तिथं अंमलबजावणीचा अर्ज करून तो तिकडच्या न्यायालयाकडे पाठवता येतो. प्रत्येक चुकलेली भेट त्याच दिवशी एका ओळीच्या ई-मेलनं नोंदवा: तारीख, वेळ, काय घडलं. अशी साधी नोंद दोन वर्षांनी लांबलचक आरोपांपेक्षा जास्त उपयोगी पडते. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपिलाची मुदत ३० दिवसांची असते आणि अपील त्या राज्याच्या उच्च न्यायालयात होतं, म्हणून तिकडच्या वकिलाशी संपर्क तुटू देऊ नका.

ताब्याचा कोणताच आदेश कायमचा नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्येच सांगून ठेवलं आहे. नोकरीची बदली झाली, मूल दहावीला आलं, एखाद्या पालकानं पुन्हा लग्न केलं, आजारपण आलं, तर बदलाचा अर्ज करता येतो. सहाव्या वर्षी ठरवलेलं वेळापत्रक तेराव्या वर्षी मुलाला घट्ट होतं. तेव्हा त्याला त्याच्या क्लासच्या, खेळाच्या, मित्रांच्या वेळा विचारा, दोघांनी मिळून नवं वेळापत्रक लिहा आणि संयुक्त अर्जानं त्याच न्यायालयाकडून जुन्या आदेशात दुरुस्ती करून घ्या.